साडेसहा की सात? अल्बमला गुण देताना मी काय करते

परीक्षण लिहून होतं, शीर्षक सुचतं, वादकांची नावं दोनदा तपासून होतात, तरी वरची गुणांची चौकट कोरीच असते. आमच्या संपादकबाईंना हे सुरुवातीला फार खटकायचं. "अगं, आठवडाभर ऐकतेयस, अजून आकडा नाही?" आकडा असतो. दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यापासूनच तो डोक्यात घोळायला लागतो आणि म्हणूनच मी तो लिहीत नाही. एकदा का कागदावर सात उमटला, की पुढचं सगळं ऐकणं त्या साताची वकिली करण्यात जातं.

सोळा वर्षं अल्बमांची परीक्षणं लिहितेय. नव्याने लिहायला लागलेली मुलं-मुली भेटली की फिरून फिरून एकच विचारतात: "ताई, साडेसहा आणि सात यांत फरक कसा करता?" उभ्या उभ्या देण्यासारखं हे उत्तर नाही. म्हणून जे करते ते इथे लिहून ठेवतेय.

आधी पट्टी

पहिला अल्बम लावण्याआधी स्वतःची पट्टी शब्दांत लिहून काढा. 'उत्तम', 'बरा', 'ठीक' असले शब्द त्यात नकोत. ते दर आठवड्याला आपापला अर्थ बदलतात. मी प्रत्येक आकड्यापुढे ऐकणारा काय करेल ते लिहिलंय. पाच म्हणजे काम स्वच्छ आहे, पण संपल्यावर परत लावावंसं वाटणार नाही. सहा म्हणजे दोन-तीन गाणी माझ्या यादीत जातील, बाकीची नाहीत. सात: अख्खा अल्बम पुन्हा आनंदाने ऐकेन, आणि त्या प्रकारचं संगीत ऐकणाऱ्याने तो चुकवू नये. आठ: त्या प्रकाराशी काही देणंघेणं नसलेल्या माणसालाही मी हाताला धरून ऐकवेन. नऊ म्हणजे काही वर्षांनीही याचं नाव निघेल, अशी पैज लावायला मी तयार आहे. खाली चार म्हणजे इरादा दिसतो, हात बसलेला नाही. तीन म्हणजे इरादाही उसना. त्याखाली मी सोळा वर्षांत मोजक्याच वेळा उतरलेय.

टप्पे अर्ध्या गुणाचे. सुरुवातीला मीही ७.३, ७.६ असलं काही द्यायचे. पिचफोर्क या अमेरिकन संगीत-परीक्षणाच्या संकेतस्थळाची पट्टी ०.० ते १०.० अशी दशांशांत चालते आणि ते दिसायला फार शास्त्रीय दिसतं. पण मोजून बघा, त्या पट्टीवर १०१ टप्पे होतात. मी एकदा जुने आकडे झाकून माझ्याच दहा अल्बमांना दोन महिन्यांनी पुन्हा गुण दिले. ७.३ चा ६.९ झाला, ६.८ चा ७.४. माझ्या कानाला जो फरक दुसऱ्यांदा सापडत नाही, तो मी वाचकाला विकू नये, एवढंच त्यातून कळलं. अर्ध्याच्या टप्प्याने शून्य ते दहा म्हणजे २१ पायऱ्या. तेवढ्याही मला कधीकधी जास्त वाटतात.

आकड्यांऐवजी अक्षरं वापरली तरी अडचण तीच राहते. रॉबर्ट ख्रिस्टगाऊ या अमेरिकन समीक्षकाने १९६९ पासून अल्बमांना शाळेसारखी ए, बी, सी अशी श्रेणी द्यायला सुरुवात केली, अधिक-उण्याच्या चिन्हांसकट. पुढे मधल्या, म्हणजे ना धड चांगल्या ना धड वाईट अल्बमांवर लिहिणं त्यांनी बरंच कमी केलं. त्यामागचा थकवा मी समजू शकते. नऊवर लिहिणं सोपं, तीनवर लिहिणं तर मजेचं. साडेपाचवर सहाशे शब्द लिहायचे म्हणजे घाम फुटतो.

शाळेच्या मार्कांची सवय वाचकाच्याही अंगात असते. दहापैकी सहा बघितले की 'जेमतेम' असंच त्याच्या मनात येतं. त्या भीतीने पुष्कळ परीक्षक सगळे अल्बम सात ते आठच्या मध्ये कोंबतात. मग दहा पायऱ्यांची शिडी घेऊन माणूस दोनच पायऱ्यांवर नाचत बसतो. पाच हा अपमान नाही, हे आधी स्वतःला पटवा.

ऐकण्याची शिस्त

गुण ठरतात ते ऐकताना, त्यामुळे इथे कंजुषी नको. मी कुठलाही अल्बम पाच वेळा ऐकते. पहिल्यांदा स्पीकरवर, क्रमाने, शफल बंद, मधे न थांबता. गीतांचे शब्द समोर नाहीत, कोणी काय वाजवलंय याची यादी नाही, कलाकाराची मुलाखत तर अजिबात नाही. अल्बमसोबत येणारं प्रसिद्धीपत्रक मी परीक्षण लिहून झाल्यावरच उघडते. 'कलाकाराचा आजवरचा सगळ्यात व्यक्तिगत अल्बम' हे वाक्य एकदा वाचलं की पुढे प्रत्येक हळू गाणं व्यक्तिगतच वाटायला लागतं.

दुसऱ्यांदा हेडफोनवर, शब्द समोर ठेवून. तिसऱ्यांदा चालताना, साध्या इअरफोनवर. बहुतेक लोक तसंच ऐकतात, आणि भारी हेडफोनवर जो बेस छातीत घुमत होता तो इथे शिल्लक राहतो का ते बघायचं असतं. मग चार दिवस काहीच नाही. चौथ्यांदा त्या खंडानंतर. पाचवं ऐकणं फक्त शंका असलेल्या जागांचं.

तो चार दिवसांचा खंड मी कुठल्याही घाईत गाळत नाही. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती आवडायला लागते. तिच्यात काही बदललेलं नसतं, फक्त ओळख वाढलेली असते. परीक्षकाला हा सापळा फार जवळचा आहे. एका दिवसात सलग चार वेळा ऐकलं की मधलं गाणंही आपलंसं वाटतं आणि अर्धा गुण फुकट वाढतो. खंडानंतर ती नुसती ओळख थोडी ओसरते. मी आणखी एक करते. चौथ्या दिवशी, अल्बम लावण्याआधी, त्यातलं काय काय आठवतं ते वहीत लिहिते. चाल, एखादी ओळ, ड्रमची एखादी जागा. बारा गाण्यांच्या अल्बममधून एकच कोरस आठवला, तर पहिल्या दिवशी मी कितीही भारावले असले तरी साडेसातच्या वर जायला मला फार सबळ कारण लागतं.

(याला अपवाद आहेत. जिथे चालच नसते, नुसते आवाजाचे थर असतात, अशा अल्बममध्ये गुणगुणण्याजोगं काही उरत नाही. तिथे मी विचारते, त्या खोलीत परत जावंसं वाटतंय का?)

वहीच्या पानावर दोन रकाने. डावीकडे वेळ आणि काय ऐकलं: '३:१२, बासरी आली, कशासाठी?' उजवीकडे माझं वागणं: कुठे उठले, कुठे खिडकीबाहेर बघत बसले, कुठे गाणं मागे नेऊन पुन्हा ऐकलं. ऐकताना फोन दुसऱ्या खोलीत असतो, पण तो आणायला जावंसं वाटलं तर ती वेळही लिहायची. माझं मत मला फसवू शकतं, उजवा रकाना सहसा फसवत नाही. एका बड्या गायिकेच्या अल्बमवर मी मनातल्या मनात आठ ठरवून बसले होते. वही उघडली तर सहाव्या गाण्यापासून नवव्यापर्यंत उजव्या बाजूला तीनदा 'फोन?' लिहिलेलं. आठ माझ्या तिच्याबद्दलच्या आदराला होते. अल्बमला सहा मिळाले.

आवाजाच्या पातळीकडे बहुतेक नवखे लक्षच देत नाहीत. तेच गाणं किंचित मोठ्याने वाजवलं तर कानाला ते अधिक चांगलं वाटतं, मोठं आहे म्हणून नव्हे तर जणू भरीव आहे म्हणून. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं की आवाज हळू असला की खर्जाचे आणि अगदी वरचे सूर कानाला तुलनेने कमी ऐकू येतात. त्यामुळे रात्री शेजाऱ्यांच्या भीतीने हळू ऐकलेला अल्बम पोकळ वाटला, तर तो अल्बमचा दोष नसेल. मी स्पीकरच्या बटणावर पेन्सिलीने खूण करून ठेवलीये, परीक्षणाचं ऐकणं त्याच खुणेवर. दुसरी गफलत तुलनेत होते. स्पॉटिफायसारख्या सेवा सगळी गाणी साधारण एका पातळीवर, उणे १४ लफ्सच्या (कानाला आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) आसपास, आणून वाजवतात. प्रकाशनाआधी परीक्षकाला मिळणारी फाइल मात्र मास्टरिंगमधून, म्हणजे ध्वनिमुद्रणावरच्या शेवटच्या संस्कारातून, निघाली तशीच असते, अनेकदा कितीतरी मोठी. एकीकडे ती फाइल आणि दुसरीकडे स्ट्रीमिंगवरचा जुना अल्बम अशी तुलना केली तर नवा अल्बम फुकटात जिंकतो. दोन्हींची पातळी कानाने का होईना, जुळवून घ्या.

बेरीज करू नका

प्रत्येक गाण्याला गुण देऊन सरासरी काढायची, ही युक्ती सगळ्यांनाच सुचते. मीही पहिली दोन वर्षं तेच केलं. त्यात गडबड अशी की दहा गाणी प्रत्येकी सातची असली, तर तो अल्बम सहाचाही असू शकतो आणि साडेआठचाही. सगळी गाणी एकाच लयीत, एकाच तक्रारीची असतील, तर पाचव्या गाण्याला कान मिटतो. उलट साधीच गाणी अशी लावलेली असतात की चौथं संपताना पाचव्याची गरज वाटायला लागते. हे श्रेय क्रमाचं असतं आणि सरासरीत ते कुठेच उमटत नाही.

त्याऐवजी मी गाणी काढून बघते. यादीतून एक गाणं गाळायचं आणि तो भाग पुन्हा ऐकायचा. काही बिघडलं का? नाही? मग आणखी एक. बारातली चार गाणी गेली आणि अल्बमला ओरखडाही उमटला नाही, तर कलाकाराने ती का ठेवली हा प्रश्न परीक्षणात यायला हवा आणि गुणांतही दिसायला हवा. कधी उलटंही होतं. चाळीस सेकंदांचा एक बिनशब्दांचा तुकडा मी भरणा समजून गाळला, आणि पुढचं गाणं एकदम अंगावर आल्यासारखं वाटलं. तो तुकडा दाराच्या उंबरठ्यासारखा होता. परत ठेवला आणि अर्धा गुण वाढवला.

लांबीचा हिशेब इथेच येतो. १९४८ मध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आली तेव्हा एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं मावायची, त्यामुळे चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत म्हणणं आटपायची शिस्त तबकडीनेच लावली. १९८२ मध्ये सीडी आली आणि मर्यादा ७४ मिनिटांवर गेली. जागा होती म्हणून भरली, असे कितीतरी अल्बम त्या काळात निघाले. आता मर्यादाच नाही. उलट स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की ते एकदा ऐकलं गेलं असं मोजलं जातं, म्हणजे जितकी गाणी जास्त तितके आकडे जास्त. चोवीस गाण्यांचा अल्बम दिसला की मी आता सावध होते. लांबीसाठी वेगळे गुण कापत नाही, कंटाळ्यासाठी कापते. तासाभराचा अल्बम कंटाळा न आणता संपत असेल तर त्याचं कौतुकच.

यानंतर शिडी. माझ्याकडे सुमारे चाळीस अल्बमांची यादी आहे, पाचपासून साडेनऊपर्यंत, प्रत्येक पायरीवर दोन-चार. हे मला पक्के माहीत असलेले अल्बम, ज्यांच्या गुणांबद्दल माझं माझ्याशी भांडण उरलेलं नाही. नवा अल्बम आला की मी 'याला किती?' असं विचारत नाही. विचारते, 'हा त्या सातवाल्यापेक्षा बरा का?' बरा असेल तर साडेसातवाल्याशी गाठ. तिथे हरला तर सात किंवा साडेसात, आणि त्या दोघांत ठरवायला पुन्हा दोन्ही अल्बम एकामागोमाग ऐकायचे. माणसाला हवेतून आकडा काढणं जमत नाही, दोन गोष्टींतली उजवी कुठली ते मात्र बऱ्यापैकी सांगता येतं. साडेसहा आणि सात यांतला फरक मी कसा करते, त्याचं उत्तर बहुतांशी ही शिडी आहे.

शिडीवर वेगवेगळ्या जातीचे अल्बम हवेत. विलंबित ख्यालाच्या ध्वनिमुद्रणाची रॅपच्या अल्बमशी झुंज लावण्यात अर्थ नाही. पण शिडीवर नुसते गिटारवालेच असतील तर बाकी सगळ्यांना तुम्ही गिटारच्या मापाने कापाल. जो प्रकार आपल्याला कळत नाही त्याला गुण देऊ नका. संपादकाला तसं सांगा. मी असे अल्बम परत केलेत आणि त्याने माझं काही अडलं नाही.

कोरी चौकट

आता परीक्षण लिहायचं, आकड्याशिवाय. लिहून झालं की संपादकबाई ते वाचतात आणि अंदाज सांगतात. त्यांचा आकडा माझ्या मनातल्या आकड्याच्या अर्ध्या गुणात असेल तर काम झालं. एकाहून जास्त अंतर पडलं तर कुठेतरी मी लबाडी केलेली असते, शब्दांत किंवा आकड्यात. बहुतेक वेळा शब्दांत. मनात साडेपाच असतात आणि कलाकार भला माणूस म्हणून मी 'प्रामाणिक प्रयत्न', 'आश्वासक' असली विशेषणं पेरून ठेवलेली असतात. अशा वेळी आकडा न हलवता आधी परिच्छेद दुरुस्त करायचा. संपादक नसेल तर कुठलाही चोखंदळ मित्र चालेल. फक्त त्याने तो अल्बम ऐकलेला नसावा.

हे एवढं करायचं कारण असं की आकडा मजकुराला सोडून एकटाच गावभर हिंडतो. मेटाक्रिटिकसारखी ठिकाणं वेगवेगळ्या परीक्षकांचे गुण शंभराच्या पट्टीवर आणून त्यांची भारित सरासरी काढतात. पाचपैकी साडेतीन तारे तिथे सत्तर होतात. तुम्ही आठशे शब्दांत जे 'पण' लिहिलेत ते सगळे वाटेत गळून पडतात.

घाईचं काय? २०१३ च्या डिसेंबरमध्ये बियॉन्सेने कसलीही पूर्वसूचना न देता अख्खा अल्बम एकदम प्रकाशित केला आणि त्यानंतर असे अवचित अल्बम नेहमीचेच झाले. सकाळी अल्बम, संध्याकाळी परीक्षण. मी शक्यतो नाही म्हणते. नाहीच जमलं तर माझा नियम ठरलेला आहे: एका दिवसात ऐकलेल्या अल्बमला साडेआठच्या वर नाही आणि चारच्या खाली नाही. हा नियम मी स्वतः ठेच खाऊन केलाय. एका अल्बमला मी रात्रीत ऐकून नऊ दिले होते. त्यानंतरच्या दोन महिन्यांत तो मी एकदाही स्वतःहून लावला नाही. नऊचा अल्बम, आणि मला त्यातलं तिसरं गाणं कुठलं तेही आठवेना.

दहा आणि शून्य यांच्याबद्दल माझं मत थोडं कडक आहे. दहा मी अजून दिलेले नाहीत. दहा द्यायला काळ जावा लागतो आणि परीक्षण तर अल्बम आल्याच्या आठवड्यात लिहायचं असतं. शून्य हा मला गुणच वाटत नाही, तो बहुधा राग असतो. पिचफोर्कने २००३ मध्ये लिझ फेअर या गायिकेच्या एका अल्बमला ०.० दिले होते. २०२१ मध्ये त्यांनी काही जुन्या परीक्षणांचे गुण नव्याने दिले, तेव्हा त्याच अल्बमला ६.० मिळाले. अल्बममधला एक सूरही बदललेला नव्हता. वीझर या बँडच्या १९९६ च्या 'पिंकर्टन'ला रोलिंग स्टोनच्या वाचकांनी त्या वर्षीच्या सगळ्यात वाईट अल्बमांत बसवलं होतं, आणि २००४ मध्ये त्याच मासिकाने त्याला पाचपैकी पाच तारे दिले. एखादा अल्बम ऐकून संताप आला तर मी तो आठवडाभर बाजूला ठेवते आणि स्वतःला विचारते, मला तो वाईट वाटला की मला हवा तसा नव्हता? आवडत्या कलाकाराने वाट बदलली की हे दोन्ही अगदी सारखंच दुखतं.

ओळखीच्या माणसांचे अल्बम घेऊ नका, यावर जास्त बोलत नाही. चाहत्यांच्या शिव्यांचंही तेच. त्या येतात आणि साताला येतात तितक्या तीनला येत नाहीत, का ते देव जाणे.

छापून आलेला गुण मी नंतर गुपचूप बदलत नाही. चुकले असेन तर पुढच्या एखाद्या लेखात तसं लिहिते. पण वहीत प्रत्येक अल्बमपुढे तिसरा एक रकाना आहे, 'वर्षाने'. वर्ष झालं की तो अल्बम पुन्हा लावायचा आणि छापलेला गुण न बघता नवा लिहायचा. बहुतेक ठिकाणी अर्ध्याचा फरक पडतो. जिथे मोठा पडतो तिथे ते पान दुमडून ठेवायचं आणि बघायचं की दुमडलेली पानं एकाच जातीची आहेत का. माझी होती. मी दमदार गळ्याला सतत अर्धा गुण जास्त देत आलेय आणि पुटपुटत गाणाऱ्यांना अर्धा कमी. आता असा गळा कानावर पडला की वहीच्या कोपऱ्यात आधी 'सांभाळ' असं लिहिते.

गेल्या वर्षीच्या अशाच एका पानावर छापलेले आठ आहेत. 'वर्षाने'च्या रकान्यात मी परवा साडेसहा लिहून खोडले, मग सात लिहून खोडले. आज रात्री पुन्हा लावून बघणार आहे, पेन्सिलीच्या खुणेवर, फोन बाहेर ठेवून.